‘भीती’ नावाचा रकाना

इग्नाझ सेमेलवाइस हे नाव तुम्ही बहुधा मार्च 2020 मध्ये पहिल्यांदा ऐकलं असेल. गूगलने त्याचं डूडल केलं होतं, आणि वीस सेकंद मोजत साबण चोळणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर त्याची गोष्ट फिरत होती. व्हिएन्नाच्या इस्पितळात बाळंतिणी मरत होत्या, एका तरुण डॉक्टरने सांगितलं हात धुवा, मृत्यू कमी झाले, पण बाकीच्या डॉक्टरांनी त्यालाच वेड्यात काढलं आणि शेवटी तो वेड्यांच्या इस्पितळात मेला. गोष्ट ढोबळमानाने खरी आहे. तिच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं: जग ऐकायला तयार नव्हतं.

या वाक्याने माझं डोकं उठतं. एकतर त्यात सांगणाऱ्याने कसं सांगितलं हे तपासायचं राहून जातं. आणि दुसरं म्हणजे, ‘जग’ म्हणजे नेमकं कोण? म्हणून त्याचं पुस्तकच वाचायला घेतलं. आजवर त्याच्याविषयी चरित्रं, नाटकं, सिनेमे झालेत, फ्रेंच कादंबरीकार सेलीनने तर 1924 साली डॉक्टरकीचा प्रबंधच त्याच्यावर लिहिला. पण त्याचं स्वतःचं पुस्तक वाचलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

पुस्तकाच्या नावाचं मराठी करायचं तर ‘बाळंतज्वराची कारणमीमांसा, संकल्पना आणि प्रतिबंध’. मूळ जर्मन, मुखपृष्ठावर साल 1861, पानं पाचशेच्या वर. मी वाचलं ते के. कोडेल कार्टर यांचं 1983 सालचं इंग्रजी भाषांतर. त्यांनी मूळ मजकुराला बरीच कात्री लावली आहे. लावली नसती तर मी शेवटपर्यंत पोचले नसते, हेही सांगून टाकते.

पहिल्या भागातली सुरुवातीची पानं मात्र मी एका बैठकीत संपवली. ती इतकी चांगली आहेत.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक इस्पितळात प्रसूतीचे दोन विभाग होते. 1840 च्या एका शाही आदेशानंतर पहिल्या विभागात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणपण शिकणाऱ्या बायका. भरती साधारण एक दिवसाआड एकेका विभागात होई, आणि दुपारी चार वाजता पाळी बदले. येणाऱ्या बायका बहुतेक गरीब, मोलमजुरी करणाऱ्या, बऱ्याच अविवाहित. बाळंतपण फुकट, मूल अनाथालयात ठेवायची सोय, आणि त्या बदल्यात शिकणाऱ्यांनी त्यांच्या शरीरावर शिकायचं. आमच्या धंद्यात याला ए/बी टेस्ट म्हणतात. वापरणाऱ्यांचे दोन गट करायचे, कोण कुठल्या गटात जाणार हे योगायोगावर सोडायचं आणि फरक मोजायचा. फक्त इथे ती कोणी मुद्दाम लावलेली नव्हती, आणि ती बंद करायचं बटण कुठे आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

1841 ते 1846 या सहा वर्षांत पहिल्या विभागात 20,042 बाळंतपणं झाली आणि 1,989 बायका मेल्या. दुसऱ्या विभागात 17,791 बाळंतपणं, 691 मृत्यू. एकट्या 1846 सालचं बघितलं तर पहिल्यात 4,010 पैकी 459 आणि दुसऱ्यात 3,754 पैकी 105. इमारत लगतची, शहर तेच, हवा तीच.

सेमेलवाइस 1846 मध्ये पहिल्या विभागात सहायक म्हणून लागला, तेव्हा 28 वर्षांचा होता. पुढे तो जे करतो ते वाचताना कुठल्याही इंजिनियरला ओळखीचं वाटेल. एकेक कारण घ्यायचं आणि दोन्ही विभागांवर घासून बघायचं. वातावरणातले गूढ, आकाशातले, पृथ्वीच्या पोटातले प्रभाव? मग ते चार वाजता विभाग कसे बदलतात? गर्दी? दुसऱ्या विभागात गर्दी जास्त होती, कारण पहिला टाळायला बायका धडपडत. परदेशी विद्यार्थी दांडगाईने तपासतात, असा शोध एका समितीने लावला होता. विद्यार्थी निम्म्यावर आणले, तपासण्या कमी केल्या, आकडे थोडे उतरले आणि पुन्हा चढले. दुसऱ्या विभागात बायका कुशीवर बाळंत होतात, म्हणून इथेही तसं करून पाहिलं. फरक नाही. मग त्याच्या लक्षात येतात त्या विचित्र नोंदी. जिच्या कळा लांबतात ती जवळपास हमखास मरते. जी वाटेत, रस्त्यावरच बाळंत होऊन येते ती बहुधा वाचते. एका ओळीतल्या खाटांवरच्या बायका ओळीने आजारी पडतात.

आणि एक तळटीप टाकावी तसं तो सांगतो की पहिल्या विभागाचे आकडे खरं तर आणखी वाईट आहेत. कारण तिथल्या पुष्कळ आजारी बायका सामान्य रुग्णालयात हलवल्या जात आणि त्यांचा मृत्यू तिकडच्या हिशेबात जाई. हे वाचून मी फोन बाजूला ठेवला. मरणारीला मरायच्या आधी दुसऱ्याच्या रजिस्टरात ढकलायचं, ही युक्ती इतकी जुनी आहे तर.

तत्त्वज्ञ कार्ल हेम्पेल यांनी 1966 च्या आपल्या पाठ्यपुस्तकात विज्ञान कसं चालतं हे समजावायला हीच पानं निवडली, यात नवल नाही. पण हेम्पेल ज्या पानावरून पटकन पुढे जातात, तिथे मला थांबायचं आहे.

कारणांच्या यादीत एक कारण आहे ‘भीती’. पहिल्या विभागाची इतकी बदनामी झाली होती की बायका घाबरून आजारी पडत असाव्यात, असं एक मत. सेमेलवाइस ते गंभीरपणे घेतो आणि त्या भीतीचं वर्णन करतो. आपण चुकून पहिल्या विभागात आलो हे कळताच बायका गुडघे टेकून, हात जोडून सोडून द्या म्हणून विनवत. पोट फुगलेलं, जीभ कोरडी पडलेली, नाडी मोजता येणार नाही इतकी जलद, म्हणजे ताप पुरता भिनलेला, अशा अवस्थेतल्या बायका मरणाच्या काही तास आधीपर्यंत सांगत राहत की मला काही झालेलं नाही, मी अगदी बरी आहे. कारण डॉक्टर औषध द्यायला लागला की मरण आलं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मग पाद्री. मरणाऱ्या बाईला शेवटचा संस्कार द्यायला तो घंटा वाजवत पाच खोल्या ओलांडून जाई. सेमेलवाइस त्याला विनंती करतो की आडवाटेने या, घंटा वाजवू नका. पाद्री ऐकतो. मृत्यू तेवढेच राहतात. मग सेमेलवाइस निकाल देतो: भीती मृत्यूंमुळे आली आहे, मृत्यू भीतीमुळे आलेले नाहीत. कारण खोडलं, पुढचं घ्या.

तर्क बिनचूक आहे. पण जरा त्या बायकांच्या बाजूने ही पानं वाचा. कुठला विभाग मारतो हे त्यांना माहीत होतं. पाळी चार वाजता बदलते हे माहीत होतं. डॉक्टरचा हात लागला की माणूस दगावतं हेही माहीत होतं, आणि हेच तर शेवटी सत्य निघालं! त्यांच्याकडे तक्ते नव्हते, जंतूंचा सिद्धांत तर सेमेलवाइसकडेही नव्हता. पण निरीक्षण होतं, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष व्हिएन्नाच्या प्राध्यापकांपेक्षा सरस होता. पुस्तकात हे ज्ञान ज्ञान म्हणून येतच नाही. ते येतं ‘भीती’ या रकान्यात, तपासून खोडून टाकायचं एक कारण म्हणून. रस्त्यावर बाळंत होणाऱ्या बायकांचा आकडा तो पुरावा म्हणून वापरतो, त्यांचं म्हणणं मात्र लक्षण म्हणून नोंदवतो.

‘जग ऐकायला तयार नव्हतं’ हे वाक्य मला खोटं वाटतं ते इथे. निम्मं जग आधीपासून गुडघ्यांवर बसून तेच सांगत होतं.

मार्च 1847 मध्ये त्याचा सहकारी, न्यायवैद्यकाचा प्राध्यापक याकोब कोलेचका, शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याचा चाकू बोटाला लागून आजारी पडतो आणि मरतो. त्याच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचताना सेमेलवाइसच्या डोक्यात दिवा पेटतो. हा तर बाळंतिणींचाच रोग! म्हणजे सकाळी प्रेतं फाडून, साबणाने धुतल्यावरही वास न गेलेले हात घेऊन जे डॉक्टर आणि विद्यार्थी वॉर्डात येतात, तेच मरण घेऊन येतात. सुईणी प्रेतं फाडत नाहीत, म्हणून दुसरा विभाग वाचतो. ज्या मरणाने कोडं सुटतं त्या मरणाला नाव आहे, हुद्दा आहे, मित्र म्हणून झालेला शोक आहे. त्याआधीच्या हजारो मरणांना टक्केवारी आहे. यात सेमेलवाइसचा दुष्टपणा नाही. पण या विषयावरचं नंतरचं बरंच लेखन याच वळणाने गेलं आहे, म्हणून नोंदवते.

मे 1847 च्या मध्यापासून क्लोरिनच्या पाण्याने हात धुणं सुरू झालं. एप्रिलमध्ये शंभरामागे 18 बायका मेल्या होत्या, जुलैमध्ये सव्वासुद्धा नाही. 1848 च्या पूर्ण वर्षात 3,556 बाळंतपणांत 45 मृत्यू, आणि मार्च व ऑगस्ट या दोन महिन्यांत एकही नाही. मधे ऑक्टोबर 1847 मध्ये पहिल्या खाटेवर गर्भाशयाचा कर्करोग झालेली, स्राव होत असलेली एक बाई होती. तिला तपासून डॉक्टर नुसते साबणाने हात धुऊन पुढच्या खाटांकडे गेले. त्या वेळी बाळंत झालेल्या 12 जणींपैकी 11 मेल्या. त्यातून त्याला कळलं की प्रेतच लागतं असं नाही, जिवंत शरीरातला सडका पदार्थही पुरतो. पुढे पेस्टच्या इस्पितळात न धुतलेल्या चादरींशी त्याची हीच लढाई झाली. म्हणजे ‘हात धुवा’ एवढंच सांगणारा माणूस म्हणून त्याला लक्षात ठेवणंही कमीच आहे. हात, उपकरणं, चादरी, खाटांचा क्रम, कामाचा क्रम असं सगळं त्याच्या नजरेत होतं.

आता दुसरा भाग. कसं सांगू? तुम्ही इंटरनेटवरच्या एखाद्या जुन्या भांडणाचा पूर्ण धागा वाचलाय, ज्यात एक माणूस बरोबर आहे आणि तो आपण बरोबर असल्याचं तीनशे वेळा सांगतो? तसा. तेरा वर्षं याने जवळपास काही छापलं नव्हतं. 1847-48 मध्ये त्याच्या वतीने मित्र फर्डिनांड हेब्राने नोंदी लिहिल्या, मे 1850 मध्ये त्याने स्वतः व्हिएन्नात व्याख्यान दिलं, आणि त्याच वर्षी तो तडकाफडकी शहर सोडून पेस्टला निघून गेला. 1858 मध्ये हंगेरियन नियतकालिकात लेख आले, आणि मग हे पुस्तक. तेरा वर्षांत साचलेलं प्रत्येक पत्र, प्रत्येक विरोधी परिच्छेद इथे उतरवून घेतलेला आहे, आणि प्रत्येकाला उत्तर आहे, बहुतेकदा तेच उत्तर. पहिल्या भागात कारणं तपासणारा माणूस इथे माणसं तपासू लागतो. पुस्तक पडलं, तेव्हा 1861-62 मध्ये त्याने खुली पत्रं काढली. त्यांत वुर्झबर्गच्या प्राध्यापक स्कान्झोनीला तो सरळ खुनी ठरवतो.

अतुल गवांदे (त्यांचे वडील विदर्भातले, म्हणून आपण जरा हक्काने नाव घेतो) यांच्या ‘बेटर’ या पुस्तकातला पहिलाच लेख हात धुण्यावर आहे. त्यात सेमेलवाइसला ते मोठं मानतात, पण आपलं म्हणणं पटेल अशा रीतीने मांडण्यात तो कमी पडला, उलट तुटून पडत राहिला, अशी तक्रारही करतात. तक्रार रास्त आहे. तरी मला ती अर्धी वाटते. कारण हे म्हणणं पटणं म्हणजे काय होतं ते बघा. कील शहरातला प्रसूतितज्ज्ञ गुस्ताव मिखाएलिस याला ते पटलं. त्याने नुकतंच आपल्या नात्यातल्या एका तरुणीचं बाळंतपण केलं होतं आणि ती बाळंतज्वराने गेली होती. आपल्याच हातांनी गेली हे कळल्यावर 1848 मध्ये त्याने रेल्वेखाली जीव दिला. चांगली शैली असती तरी वाचणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हाच हिशेब करावा लागला असता: मी किती मारल्या? सेमेलवाइसने तो स्वतःपुरता केला होता. आपल्यामुळे किती जणी अकाली थडग्यात गेल्या ते देवालाच ठाऊक, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय. बाकीच्यांनी तो केला नाही, यात मला फार मोठं गूढ दिसत नाही.

शिवाय चांगल्या शैलीचा प्रयोग होऊन गेला होता. 1843 मध्ये, म्हणजे सेमेलवाइसच्या चार वर्षं आधी, बोस्टनच्या ऑलिव्हर वेंडेल होम्सने बाळंतज्वर डॉक्टरांमार्फत पसरतो यावर निबंध लिहिला. होम्स कवी, विनोदी, वाक्यावर घट्ट पकड असलेला. त्याने इतरांच्या नोंदी वकिलासारख्या एकापाठोपाठ एक मांडल्या आणि शेवटी नियम दिले: थोड्या काळात दोन बाळंतिणींना हा ताप आला तर डॉक्टरने किमान महिनाभर प्रसूतीचं काम थांबवावं. इतकं रेखीव लिहून काय झालं? फिलाडेल्फियाच्या चार्ल्स मेग्ज आणि ह्यू हॉज या दोन मातब्बर प्राध्यापकांनी ते झिडकारलं. मेग्जचं म्हणणं असं की डॉक्टर सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छ असतात. (याच फिलाडेल्फियात 1883 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला पोचल्या आणि 1886 मध्ये त्यांनी प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावर. तोवर मेग्जला जाऊन बरीच वर्षं झाली होती.) होम्सने 1855 मध्ये निबंध पुन्हा छापला, नव्या प्रस्तावनेसह. ती प्रस्तावना जरूर वाचा. संताप आणि सभ्यता एकाच वाक्यात कशी नांदवायची याचा तो धडा आहे.

पण या सगळ्यांत मला सर्वांत जास्त छळणारं पुस्तक त्याहून जुनं आहे. 1795 सालचं, स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डनचं. नौदलातून परतलेला हा डॉक्टर. 1789 ते 1792 च्या दरम्यान शहरात बाळंतज्वराची साथ आली. गॉर्डनने 77 रुग्णांचा तक्ता केला. त्यातल्या 28 मेल्या. तक्त्यात बाळंतिणीचं नाव आहे, वय आहे, पत्ता आहे, बरी झाली की गेली ते आहे, आणि शेवटी एक रकाना: बाळंतपण कुणी केलं. त्या रकान्यात सुईणींची नावं आहेत, आणि त्याचं स्वतःचंही आहे. आपण स्वतः कित्येक बायकांपर्यंत हा रोग नेला, हे त्याने छापून कबूल केलं. कपडे जाळा किंवा धुरी द्या, हात धुवा, हे उपायही सांगितले. त्याचा उपचार, म्हणजे भरपूर रक्त काढणं, आज वाचवत नाही. पण तो शेवटचा रकाना! पन्नास वर्षांनी व्हिएन्नात जे कळलं ते त्या एका रकान्यामुळे ॲबर्डीनमध्ये कळलं होतं.

आणि त्याच रकान्याने गॉर्डनचा घात केला. नावं छापल्यामुळे सुईणी बदनाम झाल्या, शहर त्याच्यावर उलटलं. तो नौदलात परत गेला, क्षय झाला, 1799 मध्ये वारला. सुईणींच्या बाजूनेही विचार करायला हवा. त्या गरीब, पोटासाठी काम करणाऱ्या बायका होत्या, छापील उत्तर देणं त्यांच्या हातात नव्हतं. डॉक्टरने स्वतःचं नाव घालणं आणि सुईणीचं नाव घालणं, दोन्हीची किंमत सारखी नसते.

आमच्याकडे सर्व्हर कोसळला की नंतर जो अहवाल लिहितात त्याला ‘पोस्टमॉर्टेम’ म्हणतात. शब्द किती सहज उचललाय आम्ही. त्याचा पहिला नियम असतो ‘ब्लेमलेस’, म्हणजे कुणाचं नाव घ्यायचं नाही. कुणी चुकीचं कॉन्फिगरेशन टाकलं हे महत्त्वाचं नाही, ते टाकता कसं आलं हे महत्त्वाचं. नाव घेतलं की पुढच्या वेळी माणसं लपवतात, आणि लपवलं की काहीच कळत नाही. गॉर्डन आणि सेमेलवाइस वाचल्यावर हा नियम मला पूर्वीपेक्षा जास्त पटतो. वैद्यकानेही तो मानला. ब्रिटनमध्ये 1952 पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते. नावं काढून टाकलेली, तज्ज्ञांनी वाचलेली, एकत्र छापलेली. पुढे या अहवालांचं नाव बरीच वर्षं ‘व्हाय मदर्स डाय’ असं होतं. त्यात आकड्यांच्या मधे चौकटीत चार-सहा ओळींच्या हकिकती असतात: एक बाई, तिला काय होत होतं, कुठे उशीर झाला. साहित्य म्हणून कुणी त्या वाचत नाही, पण वाचाव्यात. इतक्या कमी विशेषणांत इतकं काही सांगणारा मजकूर मी क्वचित पाहिलाय.

भारतात मातामृत्यू परीक्षणाच्या मार्गदर्शक सूचना 2010 मध्ये आल्या, 2017 मध्ये त्या सुधारल्या, आणि त्यांचंही तत्त्व तेच, नाव नको, दोष नको. 2018-20 च्या सरकारी नोंदींनुसार देशात एक लाख जिवंत जन्मांमागे 97 माता मरत होत्या, महाराष्ट्रात 33. आकडे पूर्वीपेक्षा खूप खाली आलेत, हे यश खरंच आहे. उरलेल्या मृत्यूंची मोठी कारणं, रक्तस्राव, रक्तदाब, जंतुसंसर्ग, ही माहीत असलेली आणि बहुतांशी टाळता येणारी आहेत.

पण निनावी लिहिण्याची एक गंमत मराठीत लगेच दिसते. आपल्या भाषेत कर्ता गायब करायची सोय भरपूर. ‘उशीर झाला.’ ‘रक्त उपलब्ध होऊ शकलं नाही.’ ‘पुढे पाठवण्यात आलं.’ कुणी पाठवलं? कशासाठी? तिकडे खाट आहे का, हे फोन करून विचारलं का? माणसाचं नाव नको हे कबूल, पण वाक्याला कर्ता तरी असू दे. ‘रक्तपेढी रात्री बंद होती’ यात कुणा एकाला फासावर चढवलेलं नाही, तरी काय दुरुस्त करायचं ते कळतं. आणि ‘पुढे पाठवण्यात आलं’ वाचलं की मला व्हिएन्नातल्या त्या हलवलेल्या बायकाच आठवतात.

या पार्श्वभूमीवर 2014 मध्ये आलेला ‘डेड विमेन टॉकिंग’ हा अहवाल वेगळा आहे. कॉमनहेल्थ आणि जन स्वास्थ्य अभियान यांनी मिळून केलेला, वेगवेगळ्या राज्यांतल्या 124 मातामृत्यूंचा. इथे इस्पितळाचा कागद हा सुरुवातीचा बिंदू नाही. घरी जाऊन, सासरी-माहेरी बसून, काय काय झालं ते विचारलेलं आहे. कोण कुठे घेऊन गेलं, तिथे काय म्हणाले, पैसे कुठून आणले, मग कुठे पाठवलं. अहवाल म्हणून त्यात दोष आहेत. भाषा जागोजागी एनजीओंच्या ठरीव शब्दांत अडकते, आणि एकाच प्रकारच्या घटना पुन्हा पुन्हा येतात. पण ती पुनरावृत्ती सेमेलवाइसच्या दुसऱ्या भागासारखी नाही. तिथे एकच माणूस तेच तेच बोलतो, इथे वेगवेगळ्या घरांतली माणसं, एकमेकांना न ओळखता, तेच सांगतात. आणि इस्पितळाबद्दल बाईच्या घरच्यांना जे ठाऊक होतं ते इथे माहिती म्हणून नोंदलं गेलंय. ‘भीती’च्या रकान्यात नाही.

हे फक्त गरीब देशांपुरतं आहे असं वाटत असेल तर परत ब्रिटनकडे वळू. सत्तर वर्षांची ती गोपनीय चौकशी, ते नेटके अहवाल, सगळं चालू असतानाच इंग्लंडमधल्या श्रूजबरी आणि टेलफर्डच्या इस्पितळांत वर्षानुवर्षं बाळं आणि आया अशा कारणांनी दगावत होत्या जी टाळता आली असती. डोना ऑकेंडन या स्वतः सुईण. त्यांच्या चौकशीचा अंतिम अहवाल मार्च 2022 मध्ये आला. दोन दशकांचा काळ, शेकडो पानं, आणि त्यात वारंवार येणारी गोष्ट अशी की बायका काहीतरी बिनसलंय म्हणत होत्या आणि त्यांचं ऐकलं गेलं नाही. काही प्रकरणांत तर झाल्या प्रकाराचा दोष आईवरच टाकला होता, अगदी तिच्या मृत्यूचासुद्धा. अहवालाची भाषा कोरडी आहे, डॉक्टरांची नावं नाहीत, गॉर्डनसारखा रकाना नाही. तरी वाक्यांना कर्ते आहेत.

ही चौकशी इस्पितळाने आपणहून लावली नव्हती. आपली बाळं गमावलेल्या दोन जोडप्यांनी जुन्या बातम्या, नोंदी धुंडाळून आपल्यासारखी आणखी घरं शोधली आणि 23 प्रकरणांची यादी मंत्र्यांपुढे ठेवली. ते 2017 साल. चौकशी सुरू झाल्याची बातमी पसरली, तशी इतर घरंही पुढे येत गेली. अहवाल छापला तेव्हा ती 1,486 होती.